ज्यूलची दाढी

नाना शाळेतून घरी आले, की पाण्याचा तांब्या हातात द्यायच्या आधी आई विचारायची, "चाव्या दिल्या का?" नाना चपला काढता काढता म्हणायचे, "दिल्या दिल्या. आता पाणी दे." मग पाणी मिळायचं. याला कारण होतं. माझे वडील, म्हणजे नाना, माझ्याच शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई होते आणि एकदा कपाटांच्या चाव्यांचा जुडगा खिशात घालून तसेच घरी आले होते. हात धुऊन ताटावर बसतात न बसतात तो शाळेतून माणूस आला, आणि भरल्या ताटावरून उठून नानांना परत जावं लागलं. आईला त्या तशाच राहिलेल्या ताटाचा फार राग आला. तेव्हापासून तिने तो प्रश्न धरला तो सोडलाच नाही. रविवारी नाना बाजारातून भाजी घेऊन आले तरी तिच्या तोंडून तेच निघायचं आणि नानाही भाजीची पिशवी खाली ठेवत 'दिल्या' म्हणायचे. दोघांनाही त्यात काही विनोदी वाटत नसे. मला वाटायचं, पण मी हसले तर आई लाटणं दाखवायची.

आमची वस्ती नाशिकरोडच्या अंगाला होती. एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी, वर पत्रा. सकाळी नोटांच्या प्रेसचा भोंगा झाला की आख्खी वस्ती उठायची. घरात घड्याळ असलेले लोकही भोंग्यावरच उठायचे. संध्याकाळी विहारात वंदना व्हायची, आणि तिच्यामध्येच स्टेशनाकडून डबे जोडल्याचा धाडकन आवाज यायचा. लहानपणी मला तो आवाज वंदनेचाच भाग वाटायचा. नाना मूळचे घोटीकडचे, भाताच्या मुलखातले. आई विंचूरची. तिच्या माहेरी बाजरी आणि कांदा सोडून तिसरं काही पिकत असेल यावर त्या लोकांचा फारसा विश्वास नसावा. त्यामुळे जेवणावरून रोज कुरबुर चालायची. "भाताबिगर जेवण म्हंजे नुसतं तोंड धुणं," नाना म्हणायचे. आई म्हणायची, "भात काय, खाल्ला का नाय ते पोटालाबी कळत नाय. भाकर कशी, सांगून जाती." मग ओट्यावर कांदा ठेवून मुठीने एकच दणका द्यायची. तो फुटायचा आवाज आला की जेवायला बसायचं. नाना भाकरी मुकाट्याने खायचे आणि शेवटी मूठभर भात मागायचे. तो तिने केलेलाच असायचा, पण मागितल्याशिवाय वाढायचा नाही असा तिचा खाक्या होता.

खोलीत एकच बल्ब होता, चाळीसचा. त्याहून मोठा लावला तर घरमालक दारात येऊन उभा राहायचा. तो बल्ब एकदा उडाला, तेव्हा नाना स्टुलावर चढले आणि जुना बल्ब त्यांनी माझ्या हातात दिला. मी पाचवीत असेन. काचेवर बारीक छापलेलं मी वाचलं आणि विचारलं, "नाना, वॅट म्हंजे काय?" नानांना प्रश्न आवडायचे. उत्तर येत असो नसो, ते प्रश्नाला पाठ दाखवत नसत. ते म्हणाले, "माणूस हाय तो. साहेब. वॅट, व्होल्ट, अँपिअर, ही सगळी माणसांची नावं हायेत असं पाटणकर सर सांगतात." मी म्हटलं, "मग बल्बवर कशाला घातलं नाव?" नानांनी नवा बल्ब फिरवून घट्ट केला, खाली उतरले, आणि म्हणाले, "आपल्या विहारात पंखा हाय का नाय? त्याच्या पात्यावर काय लिहिलंय?" पात्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कालकथित भागाबाई यांच्या स्मरणार्थ'. पंखा चालू असताना ते दिसायचं नाही. लाइट गेली आणि आम्ही घामाघूम झालो की भागाबाई वाचता यायच्या. "तसंच हे," नाना म्हणाले. "ह्या लोकांनी कायतरी देलं असंल. म्हणून मागच्यांनी नावं घातली." पुढे माझी सगळी नोकरी भौतिकशास्त्र शिकवण्यात गेली. नानांचं हे उत्तर चूक आहे असं छातीठोकपणे म्हणावं, असा पुरावा मला अजून तरी सापडलेला नाही.

पाटणकर सर आमचे विज्ञानाचे मास्तर. उंच, सडसडीत आणि भित्रे. प्रयोग करताना परीक्षानळी तापली की तेच आधी मागे सरायचे. पण विज्ञानावर त्यांचं प्रेम खरं होतं. त्या सुमारास पुस्तकं बदलली. कॅलरी गेली आणि ज्यूल आला, वजनाच्या धड्यात न्यूटन आला, दाबाच्या धड्यात पास्कल. सरांच्या मनाने घेतलं की ज्यांच्या नावाची एककं आहेत त्यांची चित्रं प्रयोगशाळेत लागली पाहिजेत. "मुलांना वाटतं व्होल्ट म्हणजे मीटरवरचा आकडा. माणूस होता तो, माणूस!" असं ते स्टाफरूममध्ये टेबलावर बोट आपटून म्हणायचे. छापील चित्रं कुठे मिळतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून दिवाळीच्या सुटीत त्यांनी प्लायवूड आणवलं आणि बाळू पेंटरला बोलावलं.

बाळू पेंटर म्हणजे आमच्या भागातला मोठा कलाकार. दुकानांच्या पाट्या, ट्रकमागचे मोर, निवडणुकीच्या भिंती, टॉकीजचे बोर्ड, सगळं त्याच्याकडे. सरांनी त्याला नावांची यादी दिली. तो म्हणाला, "फोटो?" पुस्तकात एकट्या न्यूटनचा फोटो होता, तोही टपालाच्या तिकिटाएवढा. सर म्हणाले, "बाकीचे तू कल्पनेने काढ. परदेशी माणसं. कोट, दाढी." पेंटरने ब्रश खाली ठेवले. "सर, कोट काढतो, दाढी काढतो. पण चेहरा हवेतनं येत नसतो. समोर माणूस पाहिजे. टॉकीजचा हिरोसुद्धा मी फोटो बघूनच काढतो." सरांनी इकडेतिकडे पाहिलं. सुटीत शाळेत तिघंच होते. अशा रीतीने अँपिअर म्हणजे खुद्द पाटणकर सर झाले, पास्कल म्हणजे हेडक्लार्क देवरे झाले, व्होल्टासाठी समोरचा सायकलवाला बोलावून आणला, आणि ज्यूलसाठी नानांना स्टुलावर बसवलं. मॅडम क्यूरीसाठी बसायला कुणी बाई तयार होईना. तेव्हा पेंटरने न्यूटनलाच अंबाडा घातला आणि मोकळा झाला.

नाना तीन-चार दुपारी खिडकीजवळ बसले. गप्प बसायचा त्यांना सराव नव्हता. "हा ज्यूल काय करायचा?" त्यांनी विचारलं. सरांनी सांगितलं, भांड्यात पाणी घ्यायचं, आत पंखे फिरवून ते ढवळायचं, आणि ढवळून पाणी किती तापलं ते मोजायचं. नाना घरी आले ते डोक्यात तेच घेऊन. चाव्या दिल्याचं सांगून झाल्यावर त्यांनी आईची ताक घुसळायची रवी घेतली, पातेल्यात पाणी घेतलं आणि ओट्यावर बसून घुसळायला लागले. आईने पाहिलं. "अहो, ताक कुठाय त्याच्यात?" नाना म्हणाले, "ताक नाय. पाणी तापवतोय." आई आत गेली, स्टो घेऊन आली, त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ह्याला पंप मारा. लवकर तापंल." नानांनी ऐकलं नाही. दंड भरून येईपर्यंत घुसळलं, मग पाण्यात बोट बुडवलं, माझंही बुडवायला लावलं. पाणी होतं तसंच गार. "साहेबाचा हात जास्त चालत असंल," नाना म्हणाले आणि ते पाणी तुळशीला नाही, आमच्याकडे तुळस नव्हती, दारातल्या शेवग्याला घातलं.

चित्रं झाली. ज्यूलला काळा कोट, पांढरी कॉलर आणि छातीपर्यंत भुरी दाढी होती. पण दाढीच्या वर सगळे नाना. ते बसके गाल, ते मोठे कान, आणि डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा. लहानपणी भाताच्या गाडीवरून पडून झालेला तो व्रण पेंटरने इमानदारीने काढला होता. खाली पांढऱ्या पट्टीवर 'ज्यूल'. दिवाळीनंतर शाळा भरली, तेव्हा पहिल्याच तासाला पोरांनी ओळखलं. त्या दिवसापासून नानांचं नामदेव हे नाव शाळेतून गेलं. "ज्यूलमामा, बॅटरी द्या." "ज्यूलमामा, घंटा." मास्तरसुद्धा म्हणायला लागले. मला आधी राग यायचा. नाना म्हणाले, "चिडती कशाला? त्या साहेबाचं नाव सगळ्या जगात घातलंय. थोडं माझ्यावर पडलं तर काय झिजतंय?" प्लायवूडचा दोन फळ्यांएवढा एक तुकडा उरला होता. नानांची पाठ धरायची, म्हणून पाटणकर सरांनी तो त्यांना देऊन टाकला. नाना तो बाजेवर टाकून त्यावर निजायला लागले आणि पाठ खरोखरच बरी झाली.

मी आठवीत असताना नाना कावीळ होऊन गेले. आधी डोळे पिवळे झाले, मग झाडपाल्याचं औषध झालं, मग सिव्हिल हॉस्पिटल झालं, तोवर उशीर झाला होता. मी त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. माझा भाऊ मिलू माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. तो तेव्हा धड चालतही नव्हता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातले लोक म्हणाले, नामदेवचा फोटो आणा, हार घालायचाय. तेव्हा आमच्या लक्षात आलं की फोटो नाही. लग्नात काढलेला नव्हता. शाळेच्या ग्रुप फोटोत नाना होते, पण ऐन वेळी कुणाची तरी खुर्ची सरळ करायला वाकलेले, त्यामुळे नुसती पाठ आणि टोपी आलेली. शेवटी फोटोशिवायच झालं. हार बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीला घातला. आई त्या दिवशी रडली ती नानांसाठी नाही, फोटोसाठी रडली. म्हणजे रडताना तिने तसं सांगितलं. "ह्या पोराला बाप दाखवू कुठनं?" असं म्हणत ती मिलूला गदागदा हलवत होती आणि तो हसत होता.

शाळेने आईला नानांच्या जागी लावून घेतलं, झाडलोटीसाठी, तात्पुरतं. प्रयोगशाळेच्या चाव्या तिच्या हातात आल्या. पहिल्या दिवशी ती दार उघडून आत गेली आणि समोर नाना. तिने ती चित्रं आधी पाहिलेली नव्हती. नानांकडून नुसतं ऐकलेलं. त्या दिवशी ती झाडू तसाच धरून किती वेळ उभी होती कोण जाणे, मी मधल्या सुटीत गेले तेव्हा निम्मी खोली झाडायची होती. मला बघून म्हणाली, "दाढी कशाला घातली मुडद्याने?" मुडदा म्हणजे पेंटर. त्यानंतर ती रोज सकाळी पदराने ते चित्र पुसायची. बाकीच्या साहेबांना फडकं. रविवारी ती मिलूला कडेवर घेऊन काहीतरी कामाच्या निमित्ताने शाळेत जायची आणि त्याला ज्यूलसमोर धरायची. "हे कोण? नाना. दाढी खोटी हाय. वरचे नाना." मिलू हात पुढे करून दाढीच धरायचा.

मी नववीत असताना तपासणी आली. शाळेत तपासणी म्हणजे चुना, रांगोळ्या आणि नवे खडू. शिक्षणखात्याचे साहेब प्रयोगशाळेत आले तेव्हा आमच्या वर्गाला टेबलांमागे उभं केलं होतं. पाटणकर सर घामाने निथळत होते. मुख्याध्यापक साहेबांच्या मागे, देवरे भाऊसाहेब फाइल घेऊन त्यांच्या मागे, आणि आई कोपऱ्यात, पाण्याची बादली आणि फडकं घेऊन. साहेब भिंतीकडे गेले. पास्कलकडे पाहिलं. मग वळून देवऱ्यांकडे पाहिलं. मग पुन्हा पास्कलकडे. देवऱ्यांनी फाइल हळूच तोंडासमोर नेली. साहेब पुढे सरकले, अँपिअरपाशी थांबले, सरांकडे पाहिलं. आमच्यातला एकजण फिसकन हसला. साहेबांचा आवाज चढला. "ही काय चेष्टा आहे? कुठली ही माणसं?" आणि ज्यूलवर छडी ठेवून म्हणाले, "हा! हा ज्यूल कुठला?"

तेव्हा कोपऱ्यातून आई म्हणाली, "घोटीचे, साहेब. माझे मालक हायेत ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. आईच्या आवाजात ना भीती होती ना भांडण. साहेबांनी पत्ता विचारला, तिने सांगितला. साहेबांनी छडी खाली घेतली. ते काही वाईट गृहस्थ नसावेत, कारण पुढचं वाक्य ते आवाज उतरवून बोलले. "बाई, ठीक आहे," ते म्हणाले. मग मुख्याध्यापकांकडे वळून, "हे सगळं उतरवा. छापील तक्ते मागवा. मी पुन्हा येईन." आणि ते भूगोलाच्या खोलीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी कळलं की चित्रं फेकायची नाहीत. प्लायवूड चांगलं होतं. त्यावर पांढरा रंग मारून व्हरांड्यात लावायला सुविचारांचे फलक करायचे ठरलं, आणि रंग मारायला बोलावणार होते बाळू पेंटरलाच. आईने संध्याकाळी घरी येऊन हे सांगितलं आणि स्टो न पेटवता बसून राहिली. नाना एकदा गेले होतेच; आता त्यांच्यावर पांढरा हात फिरायचा होता आणि मग मिलूला दाखवायला जगात काहीच उरणार नव्हतं. सकाळी ती पाटणकर सरांकडे गेली. सर म्हणाले, "मी सांगून बघतो," आणि सांगायला गेले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. तपासणीपासून त्यांच्याकडे कुणी हसल्याशिवाय बघत नव्हतं. मग आई स्वतःच मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन उभी राहिली. मी व्हरांड्यात होते. "शाळेची मालमत्ता आहे बाई," ते आतून म्हणाले, "आज तुम्ही मागाल, उद्या सायकलवाला व्होल्टा मागेल." आई हलली नाही. नोकरी तात्पुरती, समोर मुख्याध्यापक, आणि ही उंबऱ्यावर खांबासारखी. शेवटी ते वैतागून म्हणाले, "मला फळा पाहिजे, फळा! फळीला फळी आणून द्या आणि घेऊन जा तुमचा ज्यूल."

बोलताना त्यांना वाटलं असेल, ही कुठून आणते. आई मधल्या सुटीतच घरी गेली. बाजेवरचं अंथरूण तिने गुंडाळलं, नानांचा तो प्लायवूडचा तुकडा काढला, डोक्यावर घेतला आणि भर दुपारी रस्त्याने चालत शाळेत आणला. मुख्याध्यापकांच्या टेबलाला टेकवून ठेवला. त्यावर नानांच्या पाठीचा तेलकट डाग होता. तुकडा चित्राच्या फळीच्या दुप्पट होता, शाळेच्याच प्लायवूडमधला होता, आणि हे दोन्ही तिथे आलेल्या पाटणकर सरांनी ओळखलं. या खेपेला मात्र ते बोलले. म्हणाले, "मोठा आहे, सर. दोन सुविचार बसतील." मुख्याध्यापक डागाकडे बघत होते. "न्या," ते म्हणाले.

बाळू पेंटरने त्या तुकड्याला पांढरा रंग दिला तेव्हा आई त्याच्यामागे उभी होती. "खाली नाव घालायचं," ती म्हणाली. "पंख्यावर घालतात तसं. आम्ही देलाय फळा." पेंटरने मुख्याध्यापकांना विचारलं नाही. लाल रंग घेतला आणि खालच्या कोपऱ्यात 'कै.' काढला. आईला वाचता येत नव्हतं. तिने मला बोलावून वाचायला लावलं. मी वाचलं. ती म्हणाली, "कैलासबिलास नाय. आमच्यात कालकथित म्हणतात." पेंटरने 'कै.' रॉकेलने पुसला आणि लिहिलं, 'कालकथित नामदेव यांच्या स्मरणार्थ'. वर्षभर त्या फळ्यावर सत्य बोला, वेळ पाळा असलं काहीबाही लिहिलं जायचं आणि खाली नाना असायचे. काही दिलं की नाव घालतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. पुढे शाळेची इमारत वाढली. तो फळा कुठे गेला मला माहीत नाही.

चित्र घरी आलं, पण आईचं समाधान होईना. मिलू आता बोलायला लागला होता आणि शेजाऱ्यांना सांगायचा, "माझे नाना साहेब होते. दाढीवाले." आईने पेंटरला निरोप पाठवला. तो एका रविवारी रंगांचा डबा घेऊन आला, ओट्यावर बसला, चहा प्याला. आई म्हणाली, "दाढी काढा. आतले नाना दाखवा." पेंटरने चित्र मांडीवर घेतलं आणि दाढीवरून अंगठा फिरवला. "वहिनी," तो म्हणाला, "आत काय नाय. मी दाढी सरळ फळीवरच काढली होती. खाली तोंड काढलंच नाय. आता काढायचं म्हणलं तर..." त्याने मान हलवली. "नामदेवरावाची हनुवटी मला आठवत नाय. खोटं कशाला सांगू." आई म्हणाली, "मला आठवती." पेंटर म्हणाला, "तुम्हाला आठवून काय उपयोग? मला समोर दिसली पाहिजे."

आणि मग आईने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपबशा विसळत होते. तिने मला हाताला धरून उठवलं, ओट्यावर उजेडात बसवलं आणि माझी हनुवटी दोन बोटांत धरून पेंटरकडे वळवली. "ही घ्या," ती म्हणाली. "हिची बापाची हाय. नाक माझं, हे खालचं त्यांचं." पेंटरने डोळे बारीक केले, मागे झाला, पुढे झाला. "हां," तो म्हणाला. "बरोबर. हे असंच होतं. पोरी, हलू नको." मी हलले नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, मिलू माझी वेणी ओढत होता, तरी मी हलले नाही. दाढी हळूहळू गेली. कोटाच्या जागी पांढरा सदरा आला. खालच्या पट्टीवरचं 'ज्यूल' पुसायला पेंटरने ब्रश उचलला, तेव्हा आई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. त्या नावानंच हाक मारायचे त्यांना. त्यांना आवडायचं." मग तिने चित्र भिंतीला टेकवलं, लांब जाऊन पाहिलं, आणि नाना गेल्यापासून पहिल्यांदाच खळखळून हसली. "आले," ती म्हणाली. "बघ मिल्या, आले."

आता ते चित्र गंगापूर रोडला मिलूच्या फ्लॅटमध्ये आहे. नवीन माणूस आला की विचारतो, हे ज्यूल म्हणजे कोण? मिलू सांगतो, वडील. आणि आरशात हनुवटी चोळत म्हणतो, "माझी अगदी नानांवर गेलीय." मी काही बोलत नाही. त्याची आईवर गेली आहे. मी शाळेत शिकवायचे तेव्हा पोरांना सांगायचे, एक मध्यम कांदा हातावर ठेवा, त्याचं वजन म्हणजे जवळजवळ एक न्यूटन. तोच जमिनीवरून उचलून मीटरभर उंच, कमरेच्या वरच्या फळीवर ठेवा, झाला तुमचा एक ज्यूल. पोरं म्हणायची, बाई, एवढासाच? एवढासाच. मला आता सत्तरी जवळ आली. नाना गेले त्या वयापेक्षा मी कितीतरी मोठी आहे. माझी हनुवटी सुटली, तिच्याखाली दुसरी आली. चित्रातल्या नानांचे कानशिलाचे केस पांढरे आहेत आणि त्यांची हनुवटी मात्र चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची आहे.

आई बरीच वर्षं जगली. शेवटी तिला दिसेनासं झालं आणि माणसं ओळखता येईनाशी झाली. मिलूला ती पेंटर समजायची आणि दाढीवरून बोल लावायची. मी शाळेतून परस्पर तिच्याकडे जायचे, खाटेजवळ बसायचे. ती हात पुढे करून माझा चेहरा चाचपायची. कपाळ, नाक, यांच्यावरून बोटं नुसती पुढे जायची. हनुवटीपाशी आली की थांबायची. दोन बोटांत ती घट्ट धरायची आणि तिचा चेहरा एकदम शांत व्हायचा.

"चाव्या दिल्या का?" ती विचारायची.

पहिल्या दिवशी मी तिला माझं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते सांगणं सोडलं.

"दिल्या दिल्या," मी म्हणायचे. "आता पाणी दे."